वायुमिश्रणाच्या श्यानतेचा अजमास

कारखान्यातील नळांचा व्यास ठरविणाऱ्या, उत्प्रेरकाच्या थरातून जाणाऱ्या वायूचा रोध मोजणाऱ्या अथवा उष्णताविनिमयकाचा आराखडा मांडणाऱ्या अभियंत्यास वायूच्या ज्या राशी हाताशी असाव्या लागतात, त्यांपैकी घनता आणि विशिष्ट उष्णता या मिश्रणाच्या बाबतीतही फारसा त्रास देत नाहीत. घटकांचे प्रमाण ठाऊक असले, की सरळ हिस्सेवाटणीच्या हिशेबाने त्या काढता येतात, आणि दाब बेताचा असेल तर तो हिशेब खराही ठरतो. श्यानता मात्र या शिरस्त्याला जुमानत नाही. शुद्ध वायूंच्या श्यानतेचे तक्ते कोणत्याही चांगल्या संदर्भग्रंथात सापडतात. परंतु कारखान्यात शुद्ध वायू क्वचितच वाहतो, आणि मिश्रणांची प्रमाणे अगणित असल्यामुळे त्यांचे तक्ते करावेत तरी कोणी आणि किती! सबब, शुद्ध घटकांच्या गुणधर्मांवरून मिश्रणाची श्यानता अजमावण्याची रीत अभियंत्याच्या आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या संग्रही असणे इष्ट आहे. त्या रीतीची हद्द कोठे संपते याची जाण तर त्याहूनही इष्ट आहे.

प्रथम सरासरीचा मोह का आवरावा ते पाहू. ३०० केल्विन तापमानाला, म्हणजे आपल्याकडील साधारण उन्हाळी सकाळी, हीलियमची श्यानता सुमारे १९.९ मायक्रोपास्कल-सेकंद व आरगॉनची सुमारे २२.७ असते. (यापुढील श्यानतेचे सर्व आकडे याच एककात समजावेत.) या दोहोंचे निम्मेनिम्म मिश्रण केले तर त्याची श्यानता मधल्या कोठल्या तरी किमतीवर स्थिरावेल असे कोणासही वाटेल, प्रत्यक्षात ती २३ च्याही वर जाते, म्हणजे दोन्ही घटकांना मागे टाकते. हायड्रोजन आणि अमोनिया यांच्या मिश्रणातही हाच प्रकार आढळतो, आणि कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतील पाल आणि बारुआ यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेली त्याची मापने या विषयावरील प्रमाणभूत ग्रंथांत आजही दाखल्यादाखल दिली जातात. जी राशी दोन्ही टोकांच्या बाहेर जाऊ शकते, ती कोणत्याही सरासरीने, मग ती आयतनाच्या प्रमाणात घ्या की वजनाच्या, सापडणे शक्य नाही. सरासरी ही व्याख्येनेच दोन टोकांच्या आत राहणारी वस्तू आहे.

याचे कारण वायूच्या श्यानतेच्या उगमातच आहे. द्रवाची श्यानता रेणूंच्या परस्परांतील ओढीमुळे उद्भवते. वायूची श्यानता उद्भवते ती रेणूंच्या भटकण्यामुळे. वेगाने सरकणाऱ्या थरातील रेणू मंद थरात शिरतो तेव्हा तो आपला संवेग तेथे जमा करतो, मंद थरातील रेणू उलट दिशेने येऊन वेगवान थराचा संवेग खर्ची घालतो, आणि या देवघेवीलाच आपण वायूचे अंतर्गत घर्षण म्हणतो. मॅक्सवेल याने १८६० साली या कल्पनेवरून असे अनुमान काढले की, वायूची श्यानता त्याच्या दाबावर अवलंबून नसावी. कारण दाब वाढवला तर संवेग वाहणारे रेणू जितक्या पटीने वाढतात, तितक्याच पटीने प्रत्येकाचा टक्करीविना होणारा प्रवास तोकडा पडतो. हे अनुमान त्याला स्वतःलाही इतके चमत्कारिक वाटले की, पाच वर्षांनी लंडनमधील केन्सिंग्टन येथील आपल्या घराच्या माळ्यावर आंदोलन पावणाऱ्या तबकड्यांचे उपकरण उभारून त्याने त्याची परीक्षा केली. खोलीचे तापमान राखण्यासाठी शेगडी पेटती ठेवण्याचे काम त्याच्या पत्नीने, कॅथरिनने, पाहिले, आणि अनुमान खरे ठरले.

मिश्रणात या देवघेवीला पंक्तिप्रपंच येतो. हलक्या रेणूंच्या गर्दीत सापडलेला जड रेणू टक्करींनी फारसा वळत नाही. पोरांच्या घोळक्यातून पाठीवर पोते घेतलेला हमाल जावा तसा तो आपली दिशा राखून पुढे जातो आणि आपला संवेग दूरवर पोहोचवतो. उलट, जड रेणूंच्या गर्दीतील हलका रेणू पहिल्याच टक्करीला कोठल्या कोठे भिरकावला जातो. परिणामी जड घटकाचे वजन मिश्रणाच्या श्यानतेत त्याच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक पडते, आणि हलका घटक संख्येने तिप्पट असूनही स्वतःचा अंमल बसवू शकत नाही. मिश्रणाचा कागद हाती आला की सर्वात जड आणि सर्वात हलक्या रेणूचे भार किती पटीने भिन्न आहेत हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे, तो याच कारणाने.

चॅपमन आणि एन्स्कोग यांनी १९१६-१७ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वायूंच्या गतिसिद्धांताचे जे पक्के गणित सिद्ध केले, त्यात मिश्रणाच्या श्यानतेचीही सोडवणूक आहे; पण ते गणित लांबलचक असून त्यासाठी प्रत्येक जोडीच्या आंतररेण्वीय बलाची माहिती लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्के यांनी १९५० साली त्याच्या जागी एक आटोपशीर सूत्र मांडले. त्यासाठी प्रत्येक शुद्ध घटकाची श्यानता, रेणुभार आणि मोलांश एवढा तीनच बाबींचा तपशील पुरतो, आणि व्यवहारात आज हेच सूत्र सर्वाधिक चालते.

सूत्राची रचना अशी आहे. प्रत्येक घटकाचा मोलांश त्याच्या शुद्ध श्यानतेने गुणावा आणि त्या गुणाकाराला एका छेदाने भागावे. या छेदात घटकाचा स्वतःचा मोलांश जसाच्या तसा येतो, आणि इतर प्रत्येक घटकाचा मोलांश त्या त्या जोडीच्या अडथळ्याच्या गुणकाने गुणून त्यात मिळवावा लागतो. सर्व घटकांचे असे भागाकार काढले, की त्यांची बेरीज हीच मिश्रणाची श्यानता. पहिल्या घटकाला दुसऱ्याकडून होणाऱ्या अडथळ्याचा गुणक काढावयाचा तर पहिल्याच्या श्यानतेला दुसऱ्याच्या श्यानतेने भागून वर्गमूळ घ्यावे, दुसऱ्याच्या रेणुभाराला पहिल्याच्या रेणुभाराने भागून चतुर्थमूळ घ्यावे, दोहोंच्या गुणाकारात एक मिळवून त्याचा वर्ग करावा, आणि हा झाला अंश; पहिल्याच्या रेणुभाराला दुसऱ्याच्या रेणुभाराने भागून त्यात एक मिळवावा, बेरजेला आठाने गुणून वर्गमूळ काढावे, आणि हा झाला छेद. गणितयंत्रावर किंवा संगणकाच्या तक्त्यावर सूत्र चढविल्यानंतर दोन्ही जागी एकच वायू घालून पाहावा: गुणक बरोबर एक आला पाहिजे. तो आला नाही तर कंस चुकला आहे हे निश्चित, आणि पुढील आकडेमोड तेथेच थांबवावी.

उदाहरणार्थ गोबर वायू घेऊ. त्यात आयतनाने ६० टक्के मिथेन आणि ४० टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आहे असे धरू. कमी दाबाला आयतनाचे प्रमाण हेच मोलांशाचे प्रमाण असते. ३०० केल्विनला मिथेनची श्यानता ११.१ आणि कार्बन डाय-ऑक्साइडची १५.० असते; रेणुभार अनुक्रमे १६.०४ व ४४.०१. मिथेनला होणाऱ्या अडथळ्यासाठी ११.१ ला १५.० ने भागून आलेल्या ०.७४ चे वर्गमूळ ०.८६०, आणि ४४.०१ ला १६.०४ ने भागून आलेल्या २.७४४ चे चतुर्थमूळ १.२८७, गुणाकार १.१०७, त्यात एक मिळवून वर्ग केला म्हणजे ४.४४०. छेद ३.३०४ येतो, आणि गुणक १.३४४. उलट दिशेचा गुणक पुन्हा मुळापासून काढण्याची तसदी घ्यावी लागत नाही; पहिल्या गुणकाला श्यानतांच्या उलट्या गुणोत्तराने, म्हणजे १५.० भागिले ११.१ ने, आणि रेणुभारांच्या सरळ गुणोत्तराने, म्हणजे १६.०४ भागिले ४४.०१ ने, गुणले की ०.६६२ मिळतो. आता मिथेनचा वाटा: ०.६० गुणिले ११.१ भागिले १.१३८, म्हणजे ५.८५. कार्बन डाय-ऑक्साइडचा वाटा: ०.४० गुणिले १५.० भागिले ०.७९७, म्हणजे ७.५३. बेरीज १३.४.

साध्या सरासरीने हाच आकडा १२.७ आला असता, म्हणजे फरक पाच-सहा टक्क्यांचा. पण खरी लक्ष देण्याची गोष्ट वाट्यांची आहे: संख्येने दहात चार असलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडने निम्म्याहून अधिक हिस्सा उचलला आहे. अशा, म्हणजे रेणुभारात दोन-तीन पटींचाच फरक असलेल्या मिश्रणांत, विल्के यांचे सूत्र सामान्यतः दोन-तीन टक्क्यांच्या आत बरोबर येते, आणि त्याहून अधिक सूक्ष्म उत्तराची मागणी करण्याआधी वायूच्या पृथक्करणाचे कागद तितके विश्वासार्ह आहेत काय, हे स्वतःला विचारावे. गोबर वायूचेच पाहा. ३० अंश सेल्सिअसला पाण्याने संपृक्त असलेल्या वायूत सुमारे चार टक्के वाफ असते, आणि कोरडा वायू धरून केलेल्या हिशेबात ती दफ्तरी दाखलच होत नाही.

येथे दोन चुका वारंवार आढळतात. पृथक्करण वजनाच्या टक्केवारीत दिलेले असले तर ते आधी मोलांशात उतरवून घ्यावे लागते. वरील गोबर वायूत कार्बन डाय-ऑक्साइड वजनाने ६५ टक्के भरतो, आणि तो आकडा सूत्रात तसाच घातला तर उत्तर भलतेच येते. दुसरी चूक अधिक घातक. काही तक्त्यांत श्यानतेला घनतेने भागून मिळणारी शुद्धगतिक श्यानता दिलेली असते, आणि नळप्रवाहाच्या गणितात तीच लागत असल्यामुळे तिचीच सरासरी काढण्याचा मोह होतो. तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग नायट्रोजन घेतला, तर ३०० केल्विनला आणि वातावरणाच्या दाबाला या दोहोंची शुद्धगतिक श्यानता अनुक्रमे ११० आणि १५.७ चौरस मिलिमीटर दर सेकंदास असते, तिची सरासरी येते ८६. खरी किंमत मात्र ४१ च्या आसपास आहे. आधी श्यानता, मग मिश्रणाची घनता, आणि शेवटी भागाकार, हा क्रम कधीही मोडू नये.

हायड्रोजनचे हे मिश्रण मी मुद्दाम काढले, कारण या विषयातील सर्व अडचणी त्यात एकवटल्या आहेत. अमोनियाच्या कारखान्यात, आपल्याकडे तुर्भ्याला किंवा अलिबागजवळ थळला, जो संश्लेषण वायू तयार केला जातो, त्यात हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण तीनास एक असे राखतात. ३०० केल्विनला हायड्रोजनची श्यानता ९.० आणि नायट्रोजनची १७.९, रेणुभारांत मात्र जवळजवळ चौदा पटींची तफावत. विल्के यांच्या रीतीने हायड्रोजनचा गुणक १.९१६, नायट्रोजनचा ०.२७४, हायड्रोजनचा वाटा ५.४९, नायट्रोजनचा ९.८२, एकूण १५.३. साधी सरासरी ११.२ होती, तेव्हा सूत्राने दिशा अचूक दाखविली यात शंका नाही. तथापि आंतररेण्वीय बले हिशेबात धरून चॅपमन-एन्स्कोग पद्धतीचे लांब गणित केले तर उत्तर १४.१ च्या जवळपास येते. म्हणजे विल्के यांचे सूत्र येथे आठ-नऊ टक्क्यांनी अधिक दाखविते, आणि हा योगायोग नव्हे. एक घटक फार जड व त्याच वेळी पुष्कळ अधिक श्यान असला, आणि दुसरा हायड्रोजन असला, की हे सूत्र वरच्या बाजूला झुकते.

अशा जागी हेर्निंग आणि झिपरर यांचे १९३६ चे जुने सूत्र कामास येते, आणि ते इतके सोपे आहे की कागदाच्या कडेला करता यावे. प्रत्येक घटकाच्या मोलांशाला त्याच्या रेणुभाराच्या वर्गमुळाने गुणून जे वजन येते, त्या वजनांनी श्यानतांची सरासरी काढावयाची, एवढेच. संश्लेषण वायूसाठी उत्तर येते १३.९, म्हणजे लांब गणिताच्या अगदी शेजारी. जळणाच्या वायूंचा हिशेब करणारी मंडळी हे सूत्र पसंत करतात ते उगाच नव्हे. परंतु वर सरासरीविषयी जे म्हटले ते येथे विसरू नये: वजने कशीही दिली तरी ही अखेर सरासरीच आहे, आणि ती दोन टोकांच्या बाहेर कधीही जाणार नाही. हीलियम-आरगॉनच्या निम्मेनिम्म मिश्रणाला हे सूत्र २२.० देते; विल्के यांचे २३.७ देते, आणि तेच वस्तुस्थितीला जवळचे आहे. यावरून निवडीचा निकष सांगता येतो. जड घटक हलक्यापेक्षा स्पष्टपणे अधिक श्यान असला आणि हलका घटक हायड्रोजन असला, तर हेर्निंग-झिपरर घ्यावे. जड आणि हलक्या घटकांच्या श्यानता जवळपास सारख्या असल्या, किंवा जड घटकच कमी श्यान असला, तर विल्के. दोन्ही सूत्रे नेहमीच चालवून पाहावीत, असे मी सुचवीन. दोहोंची उत्तरे दोन-तीन टक्क्यांत जुळली, जशी ती गोबर वायूत जुळतात (तेथे दुसरे सूत्र १३.१ देते), तर निर्धास्तपणे पुढे जावे, दहा टक्क्यांनी दुरावली तर मापने शोधावीत किंवा लांब गणित करावे.

तापमान बदलले म्हणजे काय करावयाचे? प्रत्येक शुद्ध घटकाची श्यानता आधी त्या तापमानाला आणावी आणि मिश्रण मागाहून करावे. वायू तापला की त्याची श्यानता वाढते, द्रवाच्या अगदी उलट. कठीण गोळ्यांची कल्पना केली तर ती निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढावी. मॅक्सवेलच्या प्रयोगांत ती तापमानाच्याच प्रमाणात वाढलेली दिसली. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. मेलबर्नच्या सदरलंड यांनी १८९३ साली रेणूंचे आकर्षण विचारात घेऊन जो नियम दिला, तो व्यवहारात फार उपयोगी पडतो: ज्ञात तापमानाच्या श्यानतेला तापमानांच्या गुणोत्तराच्या दीड घाताने गुणावे, आणि मग ज्ञात तापमान अधिक सदरलंड-स्थिरांक यांच्या बेरजेला नवे तापमान अधिक तोच स्थिरांक यांच्या बेरजेने भागून आलेल्या संख्येने गुणावे. नायट्रोजनचा स्थिरांक १०७ केल्विन आहे आणि २७३ केल्विनला त्याची श्यानता १६.६, अमोनियाच्या भट्टीतील ७०० केल्विनला ती ३२ च्या थोडी वर येते आणि तक्त्यांशी चांगली जुळते. नुसते वर्गमूळ घेतले असते तर २६.६ वर समाधान मानावे लागले असते. यात कामाचा एक भाग वाचतो: अडथळ्याच्या गुणकांत श्यानतांचे केवळ गुणोत्तर येत असल्यामुळे, आणि ते तापमानाबरोबर फारसे हलत नसल्यामुळे, एका तापमानाला काढलेले गुणक शेकडो अंशांच्या पल्ल्यात तसेच वापरले तरी चालते.

एखाद्या वायूची श्यानता तक्त्यात मुळीच नसली, तर रेणूचा व्यास आणि आकर्षणाची तीव्रता दाखविणारे लेनर्ड-जोन्स स्थिरांक शोधावेत. त्यांवरून चॅपमन-एन्स्कोग सूत्राने नायट्रोजनसाठी ३०० केल्विनला १७.७ येते, मापनापेक्षा एखादाच टक्का कमी. पाण्याच्या वाफेसारख्या ध्रुवी रेणूंना मात्र ही सवलत इतक्या उदारपणे मिळत नाही.

दाबाविषयी मॅक्सवेलचे अनुमान विरळ वायूपुरतेच खरे आहे, आणि येथवर सांगितलेली सर्व सूत्रेही तेवढ्यापुरतीच. दहा-बारा वातावरणांपर्यंत त्यांवर विसंबण्यास सहसा हरकत नसते. पण घटकाचा क्रांतिक बिंदू जवळ असेल तर ही मोकळीक एकाएकी संपते. ४० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइडची श्यानता १६ च्याही आत असते. त्याच तापमानाला १०० बार दाबाखाली ती सुमारे तिप्पट होते, कारण त्या स्थितीत तो नावाला वायू उरतो, घनतेने द्रवाकडे झुकलेला असतो. अशा वेळी विरळ मिश्रणाची श्यानता वरील रीतीने काढून तिच्यावर घनतेनुसार वाढावा चढविण्याची तजवीज करावी लागते. डीन आणि स्टील यांची १९६५ ची पद्धत याच धर्तीची आहे, आणि नैसर्गिक वायूसाठी ली, गोन्झालेझ व ईकिन यांचे १९६६ चे सूत्र खाणतेल-अभियंत्यांच्या नित्य वापरात आहे.

राहिला प्रश्न, इतकी उठाठेव कोठे सार्थकी लागते हा. घरगुती गोबर वायूच्या २० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ताशी ४५० लिटर वायू जात असेल तर प्रवाह शांत, स्तरीय असतो, आणि दाबाची घट श्यानतेच्या सरळ प्रमाणात होते. तरीही ३० मीटर लांबीच्या नळीत ती पाण्याच्या सव्वा मिलिमीटर स्तंभाएवढीच भरते, आणि श्यानता १२.७ धरली काय किंवा १३.४ धरली काय, चुलीच्या ज्योतीला त्याची खबरही लागत नाही. मोठ्या गुळगुळीत नळांतील खळबळाट असलेल्या प्रवाहात दाबाची घट श्यानतेच्या केवळ चतुर्थांश घाताने बदलते, त्यामुळे संश्लेषण वायूच्या आकड्यात राहिलेली आठ-नऊ टक्क्यांची चूक तेथे दोन टक्क्यांवर येते आणि नळाच्या आतल्या गंजाच्या अनिश्चिततेत बुडून जाते. केशनलिकेच्या तत्त्वावर चालणारे प्रवाहमापक मात्र अशी सूट देत नाहीत. नायट्रोजनवर जुळविलेल्या मापकातून संश्लेषण वायू सोडला, तर दर्शविलेला प्रवाह १७.९ भागिले १४.१, म्हणजे सुमारे १.२७ ने गुणावा लागतो. विल्के यांचा १५.३ हा आकडा घेतला तर गुणक १.१७ येतो, आणि महिनाअखेरीस वायूचा ताळेबंद आठ टक्क्यांनी बसत नाही. असा मापक ज्या जागी जमाखर्चासाठी बसविला असेल, तेथे सूत्राच्या उत्तरावर न थांबता प्रत्यक्ष मिश्रणाचेच एक नळकांडे मागवून मापक त्यावर जुळवून घ्यावा, आणि सूत्राचा आकडा त्या जुळणीच्या नोंदीशेजारी पडताळ्यासाठी लिहून ठेवावा.